सोफ्याचं तिकीट

गेल्या शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर एक पोस्टर येऊन पडलं. पुण्यात बिअर फेस्टिवल, पुढच्या शनिवारी संध्याकाळी. आणि खाली बारीक अक्षरात - विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी. तिकिटं दोन प्रकारची. साधं १५०० रुपयांना, प्रीमियम ४००० रुपयांना. रविवारी रात्री बारापर्यंत घ्या, मग भाव वाढणार. टीममधल्या चौघांनी पाच मिनिटांत "प्रीमियम!!" लिहून टाकलं. एकाने वर मला टोमणाही मारला, "तू तर विदर्भातलाच ना? तुला घ्यावंच लागेल."

मी त्याच रात्रीच्या स्लीपर कोचने गावी निघालो होतो. गाव म्हणजे चिखली, जिल्हा बुलढाणा. बसमध्ये झोप येत नाहीच, त्यामुळे जालना येईपर्यंत मोबाईलवर हिशोब करत बसलो. सवयच आहे ती. ज्या गोष्टीचा निर्णय मनाने घ्यायचा असतो, तिची आम्ही आधी एक्सेल शीट करतो.

तर शीट अशी. २५०० रुपये जास्त देऊन मिळणार काय? एक, इतरांच्या आधी एक तास प्रवेश. दोन, १२० मिलीच्या १० ग्लासांऐवजी 'अनलिमिटेड'. तीन, वेगळा लाउंज, त्यात वेगळं खाणं. चार, एक मग आणि एक टी-शर्ट.

अनलिमिटेडचं आधी बघू. साध्या तिकिटातच १२०० मिली बिअर आहे. ५ टक्क्यांची धरली तरी साधारण ४७ ग्रॅम अल्कोहोल झालं. माणसाचं लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅम निपटतं. म्हणजे चार तास नुसतं तेच काम केलं तरी गडी थकणार. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. साध्या तिकिटावरच रिक्षाने घरी जायचंय. अनलिमिटेडची किंमत शून्य.

एक तास आधी प्रवेश - हे मात्र खरं काहीतरी आहे. अशा ठिकाणी मोजक्या केगमधली वेगळी बिअर आधी संपते, आणि रांग नसली की बनवणाऱ्याशी दोन शब्द बोलता येतात. शौकीन माणसाने यासाठी पैसे जरूर मोजावेत. पण खरं सांगतो, कडक आयपीए आणि आईचा कडुलिंबाचा काढा यातला फरक मला दुसऱ्या घोटानंतर सांगता येत नाही. माझ्यापुरतं १५० रुपये धरले. मगाचे २०० (घरात आधीच सहा आहेत). टी-शर्टचे शून्य. सॉफ्टवेअरवाल्याला फुकटचे टी-शर्ट कमी असतात का? लाउंजमधल्या खाण्याचे ५०० धरू. बेरीज ८५०.

उरलेले १६५० रुपये? ते 'चांगल्या कामासाठी'. इथे माझी शीट अडकली. चांगल्या कामाच्या रकान्यात भावटाव करणारा मी कोण? आणि तेही विदर्भाच्या, म्हणजे माझ्याच घरच्या?

शनिवारी सकाळी अंगणात चहा पिताना काकांना सांगितलं. काका आता सत्तरीचे, आयुष्यभर शाळेत क्लार्क. त्यांनी आधी विचारलं, "बिअर पिऊन शेतकऱ्यायचे पोट्टे शिकतीन?"

मी जरा ओशाळलो. मराठवाड्यातल्या २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायला लावली होती, ते आठवलं. पाणी नाही म्हणून बिअर थांबवायची वेळ आलेला हा मुलूख, आणि आता बिअरमधून त्याला मदत...

पण काकांचा मुद्दा तो नव्हताच. "मले बिअरचं काई नाई बाप्पा. आपल्या ऑर्केस्ट्रालेही अर्धे लोकं पिऊनच आल्ते."

आणि मग ऑर्केस्ट्राची गोष्ट निघाली. १९९६ साली आमच्या शाळेच्या मदतीसाठी मैदानावर ऑर्केस्ट्रा झाला होता. मी तेव्हा सहावीत. तिकिटं तीन प्रकारची. सोफा २५० रुपये, खुर्ची ५० रुपये, भारतीय बैठक १५ रुपये. (शहरात वाढलेल्यांसाठी : भारतीय बैठक म्हणजे सतरंजी. नशिबात असेल तर.) आम्ही अर्थात सतरंजीवर. पुढे सोफ्यांच्या दोन रांगा, त्यावर सराफ, अडते, डॉक्टर मंडळी बायकोमुलांसकट. तेव्हा मला वाटायचं, मोठं झाल्यावर एकदा तरी सोफ्यावर बसायचं!

"सोफ्यावाल्याले काय भेटलं सांग?" काका म्हणाले. "कानाजोळ मोठा डबडा स्पीकर. गाणं काई समजे ना. सारी मजा मांगं बैठकीत होती."

"मग त्यांनी अडीचशे का दिले?"

"लोकायनं पाहावं म्हनून. देऊ दे ना. आपल्याले काय!"

मग काकांनी हिशोब सांगितला. तीस वर्षं होत आली, तरी आकडे तोंडपाठ. सोफा ६० जागांचे १५,००० रुपये. खुर्च्या २०० म्हणजे १०,०००. बैठक ६०० म्हणजे ९,०००. एकूण ३४,०००. ऑर्केस्ट्रा, मांडव, जनरेटर असा खर्च १६,०००. शिल्लक १८,०००. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी हे सगळं व्हरांड्यातल्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलं होतं. त्या १८,००० मध्ये शाळेत एक जुना कॉम्प्युटर आला. हिरव्या अक्षरांचा. आयुष्यात पहिल्यांदा मी की-बोर्डवर बोट ठेवलं ते त्याच्यावर, ओळीत उभं राहून, दोन मिनिटांसाठी.

"आता आयक," काका म्हणाले. "ते सोफे कोनाचे होते? लोकायच्या घरचे! बैलगाडीत आनले, सकाळी वापस केले. भाडं एक पैसा नाई. म्हनून सोफ्याचा पुरा पैसा शाळेले भेटला."

मी चहाचा कप खाली ठेवला. सोफ्याचे १५,००० काढून टाका - शिल्लक उरते ३,०००. तीन हजारात कॉम्प्युटर सोडा, त्याचं टेबलही आलं नसतं! म्हणजे माझी सगळी करिअर सराफांच्या मिरवण्याच्या हौसेवर उभी आहे म्हणायची.

जोएल स्पोल्स्कीने डिसेंबर २००४ मध्ये सॉफ्टवेअरच्या किमतींवर एक लांबलचक लेख लिहिला होता. तेव्हाच्या आम्हा ब्लॉगवाल्यांत तो फार गाजला. ज्याची जास्त द्यायची तयारी आहे त्याच्याकडून जास्त घ्या, बाकीच्यांना स्वस्तात द्या, आणि हे करताना काय काय फसतं, असा विषय. काकांनी तो वाचलेला नाही. गरजही नाही.

मुद्दा असा की प्रीमियम तिकीट वाईट नसतं. चांगल्या कामासाठी तर ते उत्तम हत्यार आहे. पण एकच प्रश्न विचारायचा - ह्यांचे सोफे फुकटचे आहेत की भाड्याचे? एक तास आधी दार उघडायला आयोजकाला जवळजवळ काही लागत नाही. तो फुकटचा सोफा. लाउंज, केटरर, मग, टी-शर्ट - हे भाड्याचे सोफे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात कॅम्प फायरचा वणवा लागला, तेव्हा सिएरा नेवाडा ब्रुअरीने मदतीसाठी एक बिअर काढली आणि तिच्या विक्रीचे १०० टक्के पैसे देणार असं सांगितलं. असा स्वच्छ आकडा असला की शीट लागतच नाही.

आपल्या पोस्टरवर आकडा नव्हता. पण फोन नंबर होता, केला. पलीकडची मुलगी फार सज्जन निघाली. आधी "उत्पन्नाचा काही भाग" म्हणाली, पण दोनदा विचारल्यावर कोणाला तरी विचारून आली आणि स्पष्ट सांगितलं, "सर, प्रत्येक तिकिटामागे ४०० रुपये."

"कुठल्याही तिकिटामागे?"

"हो सर. सेमच आहे."

झालं! १५०० दिले तरी मुलांना ४०० आणि ४००० दिले तरी ४००. जास्तीच्या २५०० मधला एक रुपयाही विदर्भात येत नव्हता. सगळा लाउंजमध्ये बसणार होता. माझ्या शीटमध्ये मात्र त्यातले १६५० चांगल्या कामाला लागलेले!

तेव्हा साधं तिकीट, आणि वाचलेले २५०० परस्पर द्यायचे. सोपं आहे ना? नाही. कारण मी मला ओळखतो. वाचलेले २५०० बुधवारपर्यंत पिझ्झा आणि कॅब होऊन गेलेले असतात. प्रीमियम तिकिटाची एक गोष्ट मान्य केली पाहिजे, ते हातातून पैसा तिथल्या तिथे काढून घेतं. सद्भावनेला तेवढी घाई नसते.

म्हणून क्रम उलटा केला. रविवारी दुपारी आधी शाळेच्या खात्यावर २५०० रुपये पाठवले, मगच १५०० चं तिकीट काढलं. शाळेत आता विज्ञानाच्या प्रयोगशाळेसाठी वर्गणी चालू आहे, काका अजूनही पावतीपुस्तक सांभाळतात. ग्रुपवर ४०० रुपयांची गोष्टही लिहिली. दोघांनी प्रीमियम रद्द केलं, दोघांनी नाही. त्यातला एक खरा शौकीन आहे, त्याचं बरोबरच आहे. दुसऱ्याला टी-शर्ट हवाय.

निघताना काकांनी पावती फाडून हातात दिली आणि विचारलं, "फळ्यावर नाव लिवू का तुह्यं?"

"छे छे, काका, नको. कशाला?"

बस यायला वेळ होता. पाचेक मिनिटांनी मीच म्हणालो, "लिहायचंच असेल तर... लहान अक्षरात लिहा."

काका हसले. "बस सोफ्यावर, बस."