डांबराखालचा निळा

आमच्यापैकी एकीच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, १९७९ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी त्यांच्या पश्चात आमच्या अंगणात आली, तेव्हा ती ठेवावी की विकावी यावर घरात दोन तट पडले. धाकट्या भावाचे मत विकण्याचे होते, आणि ते त्याने जरा तुटकपणेच मांडले. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक; खडूपलीकडे कोणतेही अवजार आमच्या हाताला ठाऊक नाही. तरीही गाडी राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा तर येणारेजाणारेही फाटकापाशी थांबून उसासे टाकू लागले. असो.

या गाडीला स्वतंत्र चेसिस नसते. पत्र्याची काया हाच तिचा सांगाडा. पत्रा गेला की गाडी गेली. पण तो दिसेल तर ना! नाना दर पावसाळ्याआधी गाडीला खालून डांबरी अंडरकोटिंग मारून घेत. त्याचे थरावर थर साचलेले, काही ठिकाणी तडकलेले. आणि तडकलेले डांबर पाणी अडवत नाही, आत कोंडून ठेवते. शिवाय मारणाऱ्याचा हात सैल. दारांखालच्या पट्टीवर आणि मडगार्डांच्या कडांवर, थेट निळ्या रंगावर, काळे शिंतोडे उडालेले. हा निळा म्हणजे १९९१ सालचा ड्युको. तो मनासारखा जुळेपर्यंत नाना चार दिवस पेंटरच्या डोक्याशी उभे होते.

गॅरेजवाला म्हणाला, "सर, ग्राइंडरला वायरब्रश लावतो, दोन तासांत पत्रा लख्ख. रंग काय, नवा मारू." नेमके तेच नको होते. प्रक्षिप्त ओव्या वेगळ्या काढताना मूळ संहितेचा टवकाही उडू नये, हे वर्गात सांगणे फार सोपे असते.

पहिली चूक थिनरची. फडक्यावर काळ्याऐवजी निळे उतरले, तेव्हा कळले की ड्युको कितीही जुना झाला तरी आपल्या थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. (थिनर घेऊन कोण पुढे सरसावले, ते सांगत नाही.) त्याऐवजी साध्या टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले फडके शिंतोड्यावर दोन-तीन मिनिटे ठेवले की डांबर मऊ पडते आणि निळा जागचा हलत नाही. अर्थात आधी दाराच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर करून पाहावे. मग बांबूच्या कामटीने हलके ढकलायचे. कॉलेजचे जुने ओळखपत्रही या कामी उत्तम चालते. त्याचा इतका उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

जाड थरांना ऊब लागते. पण मडगार्डच्या आतून हीट गन धरली की उष्णता पत्र्यातून पलीकडे जाते. बाहेरच्या रंगावर रुपयाएवढा फोड आल्यावर हे शहाणपण आले. (टर्पेंटाइन आणि हीट गन एका वेळी जवळ आणायची नाहीत, एवढे मात्र आम्हांला सुदैवाने आधीच सुचले होते.) मग एकाने आतून गन हलती ठेवायची आणि दुसरीने बाहेरून तळहात टेकवायचा. "बास" म्हटले की थांबायचे. दिवाळीच्या सुट्टीतले अकरा दिवस आम्ही एकमेकांशी बहुतांशी एवढेच बोललो.

बाराव्या दिवशी डाव्या मागच्या मडगार्डच्या आत कामटी अडखळली. डांबराखाली तळहाताएवढे पत्र्याचे ठिगळ होते, चार रिव्हेट मारलेले, आणि त्यामागे गंजाने खाल्लेले भोक. नाना, ज्यांनी गाडीवर कधी ओरखडा खपवून घेतला नाही, त्यांनी हे झाकून वरून काळे मारले होते. त्या वर्षांत घरात पैशांची किती ओढ असावी, याचा हिशेब आमच्यापैकी एक बराच वेळ जमिनीवर बसून मांडत राहिली.

रात्री भावाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प होता.

"ते ठिगळ मीच धरलं होतं, ताई," तो म्हणाला. "नाना म्हणाले, तुझी फी भरायची आहे, हिला सांगू नकोस."

गाडी विकण्याचा विषय त्याने काढला नाही. उजवे मडगार्ड सोलायला तो मे महिन्यात येणार आहे.