बाटलीवरचा टक्का

आज संध्याकाळी जपानमधल्या कोबेच्या नाडा भागातल्या दुकानात साकेच्या, म्हणजे तांदळाच्या जपानी मद्याच्या, बाटल्यांसमोर बराच वेळ उभा होतो. पूर्वी मी सरळ दाइगिंजो हा महागडा प्रकार उचलायचो. आता आधी लेबलावरचा टक्का वाचतो. दाइगिंजोत तांदळाचा दाणा घासून ५० टक्के किंवा त्याहून कमी उरवतात, गिंजोत ६० किंवा त्याहून कमी. दाणा जितका घासावा तितका तांदूळ आणि वेळ जास्त लागतो. किंमत तिथेच चढते. सुगंध फुलतो हे खरं, पण भाताची भरीव चव मागे सरते. हातसडीच्या तांदळाच्या पेजेवर वाढलेल्या माझ्या जिभेला तीच चव हवी असते.

म्हणून आज जुनमाई गिंजो घेतली. तिच्यात फक्त तांदूळ, कोजी (बुरशी वाढवलेला तांदूळ) आणि पाणी. वरून मद्यार्क घातलेला नाही. तांदूळ इथल्याच ह्योगो प्रांतातला, यामादा निशिकी जातीचा. बाटली ७२० मिलीलिटरचीच घेतली, कारण उघडल्यावर साकेचा ताजेपणा फार दिवस टिकत नाही.

रात्री भाजलेल्या मासळीबरोबर थोडी गार, थोडी कोमट करून प्यायलो. कोमट झाल्यावर तांदळाची गोडी वर आली.

भारी साके निवडताना किमतीआधी टक्का, तांदूळ आणि ताटातलं जेवण पाहा. पैसे तिथेच वसूल होतात.