आबांचा आवाज आणि अडून बसलेला संगणक

मंडळी, जवळजवळ पाच महिने इथे काही लिहिलं नाही. आषाढात मुलीकडे पुण्याला गेलो तो दिवाळी करूनच पलूसला परतलो. मध्ये दोघा-तिघांनी "नाना, तब्येत बरी आहे ना?" म्हणून विचारलं. तब्येत ठणठणीत आहे. आजारी पडला तो माझा जुना संगणक.

हा २००६ साली घेतलेला. मुलगी कधीची म्हणतेय, "नाना, तो डबा भंगारात द्या आता." तिनं लॅपटॉपही आणून दिलाय, हे लिहितोय ते त्याच्यावरच. पण त्या डब्यात आबा आहेत.

आबा म्हणजे आमचे थोरले बंधू. २००९ च्या मे महिन्यात पुतण्यानं ऑडॅसिटी नावाचा फुकटचा प्रोग्राम घालून दिला, शंभर-दीडशे रुपयांचा माइक आणला, आणि मी आबांना समोर बसवून बोलतं केलं. विहीर कशी खोदली, बहात्तरच्या दुष्काळात गुरं कुठं नेली, वडील जाताना काय म्हणाले, हे सगळं. २०११ साली आबा गेले. एक सीडी करून भिलवडीला पुतण्याकडे दिली होती. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला तेव्हा त्याच्या घरात पुरुषभर पाणी होतं. माणसं सुखरूप आमच्याकडे आली, कपाट तिथंच राहिलं. सीडी चिखलात गेली. त्याच दिवशी मी दुसरी प्रत करायला हवी होती. नाही केली. "आहे की आपल्याकडे" म्हणत राहिलो. चाळीस वर्षं पोरांना 'आजचं काम आजच' शिकवणाऱ्या मास्तरची ही कथा!

आता आबांच्या नातीचं लग्न ठरलंय. तिला आजोबांचा आवाज हवाय. म्हणून आल्या आल्या बटण दाबलं. पंखा फिरला, विंडोजची ती निळी पट्टी सरकली, चित्र आलं आणि बाण जागच्या जागी थिजला. संगणक नुसता मंद झालाय की पुरता गोठलाय हे कळायची एक सोपी खूण आहे. नम-लॉकचं बटण दाबायचं. दिवा लागला-विझला तर जीव आहे. माझा दिवा ढिम्म हलला नाही.

बंद केला, पुन्हा लावला. या खेपेला पाच मिनिटं चालला. तिसऱ्यांदा लावला तर तासभर बिनतक्रार! नेमका तेव्हाच मी फाइल काढून घ्यायची सोडून "झाला बरा" म्हणत चहा प्यायला गेलो आणि पुतण्याला फोन लावत बसलो. तेवढ्यात वीज गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच रडगाणं.

एका दुकानात विचारलं तर न बघताच निकाल मिळाला, "डिस्क गेली सर, नवीन घ्या." मला पटेना. दोनदा अडून तिसऱ्यांदा चालतो, म्हणजे तापला की चालतो. आमच्या विहिरीवरचा पंप आठवला. पावसाळाभर बंद राहिला की फूटव्हॉल्व्ह पाणी धरायचा नाही. आबा वरून घागरीनं पाणी ओतायचे, मग तो खाकरत खाकरत सुरू व्हायचा. त्यात मोटरचा काही दोष नसे.

मग प्लग काढून डबा उघडला. आत धुळीचा गालिचा आणि कोपऱ्यात पालीची दोन अंडी. रंगाच्या मऊ ब्रशनं सगळं झाडलं. मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरानं घासल्या. दमट हवेत तिथं पुट चढतं. (खोडरबर घरात नव्हताच. मास्तरच्या घरात!) घड्याळही २००५ साल दाखवत होतं, म्हणजे आतली बटणासारखी बॅटरी संपलेली. घड्याळवाल्याकडे ती लगेच मिळाली. तिचं नाव सीआर २०३२. वीस मिलिमीटर रुंद, ३.२ जाड, म्हणून २०३२. ही फोड कळल्यावर मला उगाचच आनंद झाला. तारीख सुधारली, गोठणं मात्र तसंच.

शेवटी माझाच एक जुना विद्यार्थी आला. दहावीला गणितात काठावर पास झालेला, आता इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करतो. त्यानं आल्या आल्या मला दटावलंच. "सर, आत जपायचं काही असलं तर असं दहा वेळा चालू-बंद करायचं नसतं. आधी डिस्क बाहेर." डिस्क काढून त्यानं केबलनं आपल्या लॅपटॉपला जोडली. मी देव्हाऱ्याकडे बघत उभा. दोन मिनिटांत फोल्डर उघडलं. फाइल होती! तिच्या तीन प्रती तिथंच केल्या.

मग त्यानं बॅटरीचा उजेड टाकून मदरबोर्ड दाखवला. प्रोसेसरच्या बाजूला छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात, त्यांचं डोकं सपाट असायला हवं. चार जणांची डोकी फुगली होती. आत अॅल्युमिनियमची पातळ पट्टी आणि द्रवात भिजलेला कागद असतो. वर्षं उलटली की तो द्रव सुकतो-बिघडतो, आणि नुसतं पडून राहणंही त्याला मानवत नाही. थंड असताना तो कपॅसिटर वीज नीट सांभाळत नाही, जरा ऊब आली की थोडा सुधारतो. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर असे कच्चे कपॅसिटर कितीतरी संगणकांत बसले होते म्हणे. त्यानं सांगलीहून नवे चार आणून डाग दिले. वीज साठवणाऱ्या पुरवठ्याच्या पेटीला मात्र "प्लग काढला तरी हात लावायचा नाही" अशी सक्त ताकीद दिली. पैसे घेईना. शेवटी बेदाण्याचा पुडा बळंच दिला.

आता संगणक पहिल्या झटक्यात सुरू होतो. विंडोज एक्सपी आहे, तिची दुरुस्ती २०१४ पासून बंद, तेव्हा इंटरनेट त्याला जोडत नाही.

रात्री आम्ही दोघं ऐकत बसलो. एक्केचाळीस मिनिटं आहेत. विहिरीचं झालं, दुष्काळाचं झालं. वडिलांचं सुरू झालं आणि मागे यूपीएस कुईं कुईं करायला लागला. तेव्हा लोडशेडिंग होतं ना. आबा म्हणतात, "बंद कर लेका आता. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी मला शाळेच्या निकालाचं काहीतरी काम निघालं होतं.