गिरणेची वाळू आणि तुझी वाळू

जळगाव,
दत्तजयंतीचा दुसरा दिवस

प्रिय भावड्या,

कसा शे भो तू? तुझा निरोप आला तेव्हा मी शेतात होतो, भरीत पार्टीला. बामणोदची हिरवी वांगी पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजून झाली होती, बडगीत मिरच्या-लसूण ठेचणं चाललं होतं, आणि कळण्याच्या पुऱ्यांची पहिली ताटली नुकती आली होती. तुझा आवाज मी सगळ्यांना मोठ्याने ऐकवला. गाडी घेतलीस, चारही चाकांना जोर असलेली घेतलीस, शुक्रवारी शारजातल्या मित्रांबरोबर अल बदायेरच्या टेकड्यांवर नेणार आहेस. मग तुझा प्रश्न: टायर कोणतं घालू आणि मोड कोणता लावू?

ताटं बाजूला राहिली, बघ. पंधरा जण होते, त्यातले दहा ट्रॅक्टरवाले. सगळ्यांचं एकच मत पडलं: मोठ्या बटनचं टायर घाल, हवा टाईट ठेव आणि लो गिअर टाकून हळूहळू काढ. माणसं जाणती आहेत. आपल्या काळ्या मातीसाठी त्यांचा शब्द न् शब्द खरा आहे. पण तू वाळूवर चाललायस, आणि तिथे हेच तिन्ही सल्ले तुला ॲक्सलपर्यंत गाडतील. म्हणून रात्री घरी आल्यावर सविस्तर लिहायला बसलो. निरोपात हे मावलं नसतं.

काळ्या मातीचं आठव. मृगाचा पाऊस पडला की शिंदखेड्याकडच्या वाटेवर चाक फिरतं आणि फिरता फिरता मातीचा गोळा होतं. तिथे टायरने दोन कामं करायची असतात: अंगावरची चिकण माती झटकून टाकायची, आणि चिखल कापून खालचा घट्ट थर गाठायचा. म्हणून खोल बटन लागतात, वजन लागतं. आपले लोक ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरतात ते त्याचसाठी. वाळूच्या टेकडीला मात्र असा थर नसतो. वाळूखाली वाळूच, तिच्याखालीही वाळूच. तिथे चावणारं टायर खड्डा खणतं आणि त्याच खड्ड्यात जाऊन बसतं. तिथे वरच्या वर राहायचं असतं.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. आपण धुळ्याच्या आयटीआयमधून बाहेर पडलो, तू फिटर म्हणून नाशिकला गेलास, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. गिऱ्हाईकाच्या एका जुन्या फोर बाय फोर जीपचा गिअरबॉक्स बसवला होता आणि ट्रायलला म्हणून भडगावच्या खाली गिरणेच्या पात्रात उतरलो. पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक केले, लो टाकला, पहिला गिअर टाकला. चाकं जोरात फिरली आणि दहा सेकंदांत गाडी पोटावर टेकली. मी अजून ॲक्सिलरेटर दाबला. चाकं अजून खाली गेली.

पलीकडे टरबूज-डांगराच्या वाड्या होत्या. तिथला एक म्हातारा बाबा बैल घेऊन आला. मला वाटलं आता दोर बांधेल. त्याने आधी टायर अंगठ्याने दाबून पाहिलं, आणि म्हणाला, “हवा काढ, मंग दख.” त्याची स्वतःची गाडी टायरची होती. वाडीचा हंगाम असला की तो तिच्यात हवा कमीच ठेवायचा, कारण माल भरून रोज पात्रातून काठावर यायचं असे. लाकडी चाकाची, लोखंडी धावेची गाडी वाळू कापत जाते आणि बैलांचा जीव काढते, हे त्याने तरुणपणी पाहिलं होतं. आम्ही काडीने हवा सोडली, चाकांभोवतीची वाळू हातांनी उपसली, आणि मी दुसऱ्या गिअरवर हलकं रेस करून गाडी पुढे न नेता मागे घेतली, आलो त्याच चाकोरीतून, कारण ती वाळू आधीच दबलेली होती. बैल जुंपावेच लागले नाहीत. त्या बाबाचं नाव मी विचारलं नाही, ही रुखरुख अजून आहे.

हवेचा हिशेब सोपा आहे. तुझी गाडी माणसांसकट साधारण 1,800 किलो धर. एका चाकावर 450 किलो, म्हणजे जवळपास 990 पौंड. टायरमध्ये 35 हवा असेल तर ढोबळमानाने 28 चौरस इंच रबर जमिनीला टेकतं. तीच हवा 15 वर आणली की 66 चौरस इंच. टायरची भिंत स्वतःही थोडं वजन पेलते म्हणून आकडे तंतोतंत येत नाहीत, पण टेकणारी जागा दुपटीच्या आसपास जाते हे खरं. आणि ती वाढते मुख्यतः लांबीने. लोक समजतात टायर फेंदारून रुंद होतं. खरं तर ते लांब होतं, रणगाड्याच्या पट्ट्यासारखं, आणि पुढे वाळूचा बांध न ढकलता तिच्यावर चढतं. काठेवाड्यांचे उंट आपल्या शिवारातून जातात, त्यांचा पाय टेकताना कधी नीट पाहिलास? तळवा टेकला की पसरतो. खूर असता तर रुतला असता.

तर डांबरी सोडून वाळूला लागण्याआधी चारही टायर 15 ते 18 वर आण. फसलास तर 12 वर. 10 च्या खाली जाऊ नको. तिथे वळण घेताना टायर रिंगवरून सुटतं, आणि वाळूत सुटलेलं टायर परत बसवणं म्हणजे अर्धा दिवस. हवा मोजायचा मीटर चांगला घे, अंदाजावर राहू नको. आणि परत डांबरी लागली की गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने आधी हवा भर, मगच वेग घे. कमी हवेचं टायर हमरस्त्यावर भिंतीत वाकत राहतं, तापतं आणि फुटतं. तुमच्याकडच्या उन्हात तर फारच लवकर.

आता टायर. तू खर्च करायला निघालायस म्हणून स्पष्ट सांगतो: गाडीबरोबर आलेलं रस्त्याचं टायर चांगल्या अवस्थेत असेल तर पहिल्या हंगामाला तेच ठेव. वाळूत गुळगुळीत, मऊ भिंतीचं टायर वाईट नसतं, उलट चांगलं चालतं. मधलं, म्हणजे ऑल टेरेन, घेतलंस तर खडीच्या वाटेवर भिंती टिकतील आणि वाळूतही निभेल. चिखलाचं बटन टायर मात्र घेऊ नको, ते कितीही रुबाबदार दिसो. पाहायचं ते भिंतीची उंची. 20 इंची रिंगवर पातळ पट्टीसारखं टायर असेल तर हवा काढून लांब व्हायला त्याच्याकडे रबरच नाही. 17 इंची रिंग आणि उंच भिंत, याला पैसे घाल. भिंतीवर शेवटी चार आकडे कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. दुकानात ते वाचून घे, कारण रबर न वापरताही म्हातारं होतं. वल्ह्यासारखे उभे पंख असलेली खास वाळूची टायरं तिथे बग्गीला लावलेली दिसतील. ती रस्त्यावर चालवायची नसतात, तुझ्या कामाची नाहीत.

मोडचं सांगताना जरा थांबतो, कारण इथे मी स्वतः जैसलमेरला समच्या टेकड्यांवर चुकलो. गिरणेतल्या धड्याने मी हवा काढली होती, पण गाडीतलं मोडचं बटन नीट पाहिलं नव्हतं. अर्ध्या चढावर गाडीचा दम अचानक गेला. इंजिन ठणठणीत, पाय पूर्ण दाबलेला, आणि जोरच नाही. घसरण रोखणारी जी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, तिने चाक फिरताना पाहिलं आणि इंजिनाचा जोर कापला. पावसातल्या घाटात हीच यंत्रणा जीव वाचवते. वाळूत चाकाला थोडं फिरावंच लागतं, आणि वेग गेला की सगळं गेलं. तेव्हा ती बंद कर. बऱ्याच गाड्यांत बटन काही सेकंद दाबून धरावं लागतं, नुसतं टिचकी मारून ती अर्धीच बंद होते. पुस्तिका वाच. रस्त्यावर आल्यावर आठवणीने चालू कर.

बाकी रोजचा मोड फोर हाय. मधलं डिफ्रन्शियल लॉक होत असेल तर लॉक करून. ‘सॅण्ड’ असा तयार मोड असेल तर तो घे, तो खालचा गिअर धरून ठेवतो आणि चाकाला थोडी मोकळीक देतो. ऑटोमॅटिक असली तरी गिअर हाताने दुसऱ्या-तिसऱ्यावर धर, म्हणजे चढाच्या मध्यात गाडी गिअर बदलून दम घालवणार नाही. फोर लो वाईट नाही, पण त्याची जागा वेगळी: खोल वाटीसारख्या खड्ड्यातून हळू निघायला, तीव्र उतारावर इंजिनाने वेग धरायला, फसल्यावर सुटायला. त्यातही पहिल्या गिअरवर नको, दुसऱ्यावर उचल. पहिल्यात चाकाला इतका पीळ मिळतो की ते फिरून खणतंच. मागचं डिफ लॉक तुला ट्रॅक्टरवरून माहीत आहे: टाचेखालचं पेडल घसरायच्या आधी दाबायचं, आणि दाबलेलं असताना वळवायचं नाही. इथेही तेच.

टेकडी चढण्याआधी तिची पाठ कोणती, पोट कोणतं हे ओळख. वारा जिकडून येतो ती बाजू लांबट उताराची आणि दबलेली असते, बारीक लहरी उमटलेल्या असतात. पलीकडची बाजू नुकत्याच घसरलेल्या वाळूची, सैल, साधारण 32 ते 34 अंशांची. याहून उभी कोरडी वाळू राहतच नाही, ढासळते. तुमच्याकडे वारा बहुधा वायव्येचा. वाऱ्याच्या बाजूने सरळ चढ, माथ्याशी वेग सोडून दे, पलीकडचं दिसल्याशिवाय उडी नको. उतरताना नाक सरळ खाली. मागचा भाग बाजूला सरकू लागला की ब्रेक दाबावासा वाटेल. दाबू नको! स्टिअरिंग उताराकडे वळव आणि किंचित ॲक्सिलरेटर दे, गाडी सरळ होते. आडवी घातलीस तर उलटते. थांबायचं असेल तर ब्रेक न मारता गाडी आपोआप मंद होऊ दे, नाक उताराकडे ठेवून.

सकाळी लवकर जा. रात्रीच्या दवाने वाळू ओलसर असते, कणाला कण धरून असतो. गिरणा धरणाचं आवर्तन येऊन गेलं की पात्र आठवडाभर रस्त्यासारखं कडक व्हायचं, आठवतं ना? कारण तेच. पण आपल्या वाळूवरून तिथल्या वाळूचा अंदाज बांधू नको. आपली जाड, कोनाकोनांची, एकमेकांत अडकणारी. तिथली वाऱ्याने घासून बारीक आणि गोल झालेली, एकाच मापाची. ती पायाखालून सरकते. राल्फ बॅगनॉल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरने 1920 च्या दशकात फोर्ड गाड्या लिबियाच्या वाळवंटात नेल्या, हवा कमी करणं आणि चाकाखाली पत्र्याच्या पट्ट्या घालणं तिथे रुळवलं, आणि वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या शास्त्रावर 1941 मध्ये ग्रंथ लिहिला. शंभर वर्षं होत आली, फसलेल्या गाडीचा इलाज अजून तोच आहे: फावडं, पट्ट्या, हवा. हे तिन्ही गाडीत ठेव. दोर मजबूत ठेव, आणि एकटा जाऊ नको, निदान दुसरी एक गाडी बरोबर हवीच.

निरोपात तू म्हणालास, सुट्टीत आलो की गाडी गिरणेत घालू. नको रे. तू पाहिलेली गिरणा आता राहिलेली नाही. डंपर आणि ट्रॅक्टर रात्री वाळू उपसतात, कित्येक ठिकाणी पात्रात उघडा खडक आणि खड्डे उरलेत. वाळू होती तेव्हा ती पावसाचं पाणी धरून ठेवायची आणि काठच्या विहिरींना झिरपवायची. आता काठाला असूनही विहिरी कोरड्या, हे काठावरचा कोणीही शेतकरी सांगेल. उरलेल्या पट्ट्यावर आपण मजेसाठी चाकं फिरवावीत हे मला पटत नाही. जिथे बाबाने मला हवा सोडायला शिकवलं तिथे मी मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो. वाड्या नाहीत. मी खडकावर उभा होतो.

आखाजीला ये. घागरीवर ठेवायला डांगर लागेल, ते कुठल्या तरी वाडीचं शोधून ठेवतो. वहिनींना नमस्कार, पोरांना पापा. शुक्रवारी संध्याकाळी फोन कर, कितीही उशीर झाला तरी मी जागा आहे.

तुझाच,
देवपूरचा जुना शेजारी

ता. क. हवा सोडताना व्हॉल्व्हच्या चारही टोप्या खिशात ठेव, बोनेटवर नको. गिरणेत माझी एक पडली ती सापडली नाही, वाळूचा कण व्हॉल्व्हमध्ये शिरला, आणि घरी येईपर्यंत ते चाक तीनदा भरावं लागलं.