बिल येतं वर्षाने!

परदेशी पोस्टिंगची बातमी फुटली की सदाशिव पेठेत पहिला प्रश्न येतो, 'पॅकेज किती?' दुसरा, 'तिकडे भाजी काय भावाने मिळते?' तिसरा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. 'महिन्याला किती पैसे बाहेर जातात आणि कधी?' मंडळी, यातलं 'कधी' फार महत्त्वाचं. जर्मनीत तर जास्तच!

सप्टेंबर २०२२ ते सप्टेंबर २०२४ अशी दोन वर्षं मी ऑफिसच्या कामासाठी स्टुटगार्टला होते. इकडे आमचा वाडा पाडून नवी बिल्डिंग उभी राहत होती. आई-बाबा, आजी भाड्याच्या दोन खोल्यांत. नव्या फ्लॅटमध्ये थोडी जास्तीची जागा घेतली होती आणि तिचा हप्ता माझ्या पगारातून जायचा. काहीही होवो, तो चुकता कामा नये, एवढंच मी ठरवलं होतं.

पुण्यात महावितरणचं बिल दरमहा येतं. जेवढे युनिट जळले तेवढे पैसे, विषय संपला. तिकडे वीज कंपनी तुमच्या वापराचा अंदाज बांधते आणि दरमहा ठरावीक रक्कम घेते. खरा हिशेब वर्षातून एकदा! घराच्या भाड्याचंही तेच. नुसतं भाडं म्हणजे 'काल्टमीटे'. त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरेचा आगाऊ खर्च मिळवला की 'वार्ममीटे'. या आगाऊ खर्चाचा हिशेब द्यायला घरमालकाला हिशेबाचं वर्ष संपल्यावर आणखी १२ महिने मिळतात. म्हणजे २०२३च्या थंडीचं बिल डिसेंबर २०२४ पर्यंत कधीही येऊ शकतं. तोवर तुम्ही कदाचित पुण्यात मिसळ खात असाल!

त्यात माझा पहिलाच हिवाळा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि जर्मनीत गॅस कडाडला. २०२३ मध्ये सरकारने घरगुती वापराच्या ८० टक्के भागाला दराची मर्यादा घातली, पण धास्ती होतीच. फोनवर आजीला सगळं सांगितलं. कॅलेंडरवर दुधाचे लिटर लिहिणारी बाई ती. म्हणाली, "अगं, बिल त्यांना पाठवू दे वर्षाने. तू मीटर महिन्याला बघ की!"

बघितला. आम्ही तिघं फ्लॅटमेट, एक कोल्हापूरचा आणि एक केरळची. दर १ तारखेला मीटरचा फोटो, आकडा फ्रिजवर. शिवाय प्रत्येकी २५ युरो वेगळ्या खात्यात. हीटरचा नॉब ३ वर, म्हणजे खोलीत साधारण २० अंश. खिडकी दिवसभर किलकिली ठेवायची नाही. पाच मिनिटं सताड उघडायची आणि बंद!

बाकीचे खर्च सोपे. रेडिओ-टीव्हीचं शुल्क महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. पण ते माणशी नाही, घरटी एकच, म्हणून आम्हाला प्रत्येकी ६.१२ पडायचं. इंटरनेट कंपन्या २४ महिन्यांचा करार पुढे करतात. पोस्टिंग किती दिवसांचं ते माहीत नसेल, तर महिन्याच्या नोटिशीवर बंद होणारा प्लॅन घ्यावा, जरा महाग पडला तरी. प्रवासाला मे २०२३ पासून डॉइचलांडटिकेट आलं. महिन्याला ४९ युरो आणि देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो, लोकल गाड्या तुमच्या. ऑफिसने वाटा उचलला म्हणून मला ३४.३० युरोच पडायचे. (हेच तिकीट २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ मध्ये ६३ युरो झालं.) एक लक्षात ठेवा, ते दरमहा आपोआप रिन्यू होतं. बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवायचं.

ऑगस्ट २०२४ मध्ये २०२३चा हिशेब आला. तिघांत मिळून ५४० युरो आणखी भरा! माझ्या वाट्याला १८०. ऑफिसातल्या एकाला याहून मोठं बिल आलं आणि त्याने घरी पाठवायचे पैसे दोन महिने थांबवले. माझ्या वेगळ्या खात्यात तेव्हा साडेपाचशेच्या वर जमले होते. तिकडून १८० गेले आणि इकडचा हप्ता आपल्या तारखेला गेला. बाबांना त्या बिलाचा पत्ताही लागला नाही.

घर सोडताना मालकाने डिपॉझिटमधली काही रक्कम शेवटच्या हिशेबासाठी राखून ठेवली. तिकडे तशी पद्धतच आहे. ती २०२५ मध्ये हाती आली. तेव्हा निघताना तिकडचं बँक खातं घाईने बंद करू नका आणि पुण्याचा पत्ता मालकाला नीट लिहून द्या. पेठेतला असेल तर खुणेसकट!