तांबडीची चोच

आमच्या तांबडीची चोच तिरपी आहे. पिल्लू होती तेव्हा ध्यानात येण्याइतकं काही नव्हतं. तलंग झाली तसतसा वरचा भाग डावीकडे आणि खालचा उजवीकडे सरकत गेला, अर्धवट उघड्या कात्रीच्या पात्यांसारखा. अशी कोंबडी जगते, अंडीही देते. पण तिच्या चोचीकडे माणसाला लक्ष द्यावं लागतं.

चोच आतून हाड आणि वरून केराटिनचं कवच. आपली नखंही केराटिनचीच. हे कवच आयुष्यभर वाढत राहतं. आमच्या बाकीच्या कोंबड्या दिवसभर परसात माती उकरतात, खडे टिपतात, खाणं झालं की जांभ्याच्या पायरीवर चोच दोन्ही बाजूंनी पुसतात. जेवढं वाढतं तेवढं तिथेच झिजतं. तांबडीची वरची आणि खालची चोच एकमेकींना टेकतच नाही, म्हणून टोकं झिजत नाहीत. वरचं टोक वाढून खाली वळलं. कणी टिपायला गेली की ते आधी जमिनीला लागायचं आणि दाणा बाजूला उडायचा. उचलून घेतलं की छातीचं हाड हाताला टोचू लागलं. चोचीने पिसं साफ करणंही जमेना, त्यामुळे शेपटीखाली उवा झाल्या.

येणारे-जाणारे सांगत, हिला कापून खा. मी तिला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी मोबाइलचा टॉर्च चोचीच्या एका बाजूने धरला आणि मला दुसऱ्या बाजूने बघायला सांगितलं. तांबडीची चोच फिकट पिवळी आहे. उजेड आरपार आला आणि आतला गुलाबी, गडद भाग स्पष्ट दिसला. तो जिवंत. तिथे रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत. त्याच्या पुढचं जे नुसतं धुरकट, ते कवच. कापायचं ते तेवढंच, आणि त्यातलंही थोडं राखून. कडकनाथसारखी काळ्या चोचीची कोंबडी असेल तर आतलं काही दिसत नाही. तिथे कटर न लावता हळूहळू घासणंच बरं, असं ते म्हणाले. त्यांनी कापताना मी सगळं नीट पाहून घेतलं.

आता हे काम घरी, दिवेलागण झाल्यावर करतो. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, ती फडफड करत नाही. सासूबाई तिला जुन्या पंचात गुंडाळून मांडीवर घेतात. पंचा पंखांभोवती घट्ट, छातीवर सैल. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच श्वास चालतो. छाती दाबली तर ती हातातच गुदमरेल. चोचीवरच्या नाकपुड्याही मोकळ्या ठेवायच्या. सासूबाई एका बोटाने डोकं मागून आधार देऊन धरतात. कुत्र्याची नखं कापायच्या कटरने मी टोकाचा बारीकसा तुकडा काढते, मग नखं घासायच्या पट्टीने कडा गुळगुळीत करते. एकदम मोठा तुकडा घेतला तर चोच उभी चिरू शकते. जवळ कॉर्नफ्लोर ठेवते, चुकून रक्त आलंच तर दाबून लावायला. मी घाईला आले की सासूबाई म्हणतात, "दम धर गो, तिला श्वास घेऊ दे." मग दोघी थांबतो.

चोच कापणं म्हटलं की काही जणांना पोल्ट्रीतलं काम आठवतं. ते वेगळं. तिथे दाटीत कोंबड्यांनी एकमेकींना टोचू नये म्हणून लहानपणीच तापल्या पात्याने चोचीचा जिवंत भाग छाटतात. चोचीच्या टोकात स्पर्श ओळखणारे तंतू दाट असतात. त्या टोकानेही कोंबडीला दाणा आणि खडा यांतला फरक कळतो. तो भाग छाटला की वेदना होते आणि पुढेही राहू शकते. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये त्यावर बंदी आहे. आम्ही काढतो ते जास्तीचं, निर्जीव कवच, कोंबडीला नीट खाता यावं म्हणून. दोन्हींत कापणं आहे, पण हेतू उलटे आहेत.

चोच कापल्याने तिरपेपणा जात नाही. म्हणून तांबडीला खोलगट भांड्यात भिजवलेलं खाद्य देतो, म्हणजे तिला टिपावं लागत नाही, चोचीने उपसून घेता येतं. बाकीच्या कोंबड्या भांडं संपवतात, म्हणून तिला आधी, वेगळं. पिसांखाली बोटं घालून उवा बघायच्या, कारण ते काम तिच्या चोचीला जमत नाही. एवढं केल्यावर ती भरली, अंगावरची पिसं पुन्हा चकाकू लागली.

कुणाच्या कोंबडीची चोच वाढलेली दिसली तर कटर घेण्याआधी तिला उचलून बघावं. छातीचं हाड टोचतं का, संध्याकाळी गळ्याखालची अन्नपिशवी भरलेली लागते का, हे आधी तपासावं. सरळ चोच नुसती जमीन गुळगुळीत म्हणून वाढली असेल, तर एखादा खडबडीत चिरा पुष्कळदा पुरतो. त्यावर दाणे टाकावेत. चांगली चोच अचानक वेडीवाकडी वाढू लागली तर आजार असू शकतो, डॉक्टरांना दाखवावं. आणि जन्माचंच व्यंग असेल तर थोडं थोडं घासणं तिच्या आयुष्यभर करावं लागेल, हे मनाशी धरूनच तिला पाळावं. आपण ते करतो म्हणून ती स्वतःच्या चोचीने खाते.