डीपीपासून प्रकाशगडापर्यंत

महावितरणचं बिल आलं की आपण आधी रक्कम बघतो, मग कपाळाला हात लावतो आणि बिल फ्रीजवर टाकून देतो. यापुढे माझ्याच्यानं तसं होणार नाही! रकमेच्या आसपास बारीक अक्षरांत एक ओळ असते: पी.सी., चक्र, मार्ग, क्रम, डी.टी.सी. त्यातला डी.टी.सी. म्हणजे रोहित्राचा, आपल्या बोलीत डीपीचा, सांकेतिक क्रमांक. तीन कोटींच्या आसपास ग्राहक असलेल्या कंपनीला माझं घर कोणत्या डीपीवर आहे हे ठाऊक आहे, आणि ते ती दर महिन्याला मला लेखी कळवते. मला याचा पत्ताच नव्हता.

मग काय, धागा ओढायला घेतला. डीपी सांभाळणारा जनमित्र (आपला लाइनमन हो) शाखा कार्यालयाचा माणूस, आणि शाखेवर अभियंता. काही शाखांचा मिळून उपविभाग. बिलावरचं चार आकडी ‘बिलिंग युनिट’ सहसा हाच उपविभाग सांगतं. त्याच्यावर विभाग, तिथे कार्यकारी अभियंता. मग मंडळ, तिथे अधीक्षक अभियंता. मग परिमंडळ, तिथे मुख्य अभियंता. अशी सोळा परिमंडळं. त्यांच्यावर कल्याण, पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथली प्रादेशिक कार्यालयं, आणि सगळ्यांच्या वर बांद्र्याचा प्रकाशगड. तक्रार नक्की कुठे अडकते याचा नकाशाच मिळाला की हा!

खरी गंमत तर पुढेच आहे. २००३च्या वीज कायद्यानंतर, जून २००५मध्ये जुन्या वीज मंडळाची वाटणी झाली. वीज तयार करायची महानिर्मितीनं, उच्चदाबाच्या तारांवरून न्यायची महापारेषणनं, घरोघरी द्यायची महावितरणनं. तीन भाऊ वेगळे झाले, सातबारा मात्र एकाच नावावर राहिला: तिन्ही कंपन्यांचे शेअर एका सूत्रधारी कंपनीकडे, आणि ती कंपनी राज्य सरकारची. लोक अजून ‘एमएसईबी’च म्हणतात, आणि त्यात फारसं चुकतं असंही नाही.

आता ऐरोलीला चला. तिथे राज्य भार प्रेषण केंद्र आहे, आणि माझ्या मते अख्ख्या राज्यातली सगळ्यात थरारक सरकारी खोली ती. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या केंद्रानं किती वीज द्यायची हे आदल्या दिवशीच ठरतं. ज्याची बदलती किंमत कमी, त्याची वीज आधी. सगळा आटापिटा वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास ठेवण्यासाठी. डिसेंबर २०१३पासून सगळा देश एकाच ग्रिडमध्ये आहे, त्यामुळे ऐरोलीतल्या माणसाला शेजारच्या राज्यांच्या चुकांचाही ताप.

संध्याकाळी मागणी उसळली की कोयना लागते, जलविद्युत क्षणात उठते म्हणून. पण कोयनेचं पाणीही मोजकंच. वीज करून कोकणात सोडायला वर्षाला ६७.५ टीएमसी, कृष्णा लवादानं ठरवून दिलेलं, आणि हिशेब १ जूनपासून नव्यानं सुरू. एप्रिल-मे महिन्यांत कोयना जपून का चालवतात, याचं उत्तर नद्यांच्या वाटपात दडलंय! हे वाचून मी अक्षरशः उठून येरझाऱ्या घातल्या.

पैशाचंही तसंच. बिलावर वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार अशा ओळी असतात. हे दर ना महावितरण ठरवते, ना मंत्री. ठरवतो तो १९९९मध्ये स्थापन झालेला राज्य वीज नियामक आयोग. एखाद्या वर्गाला वीज स्वस्त द्यावी असं सरकारला वाटलं, तर कायदा म्हणतो, फरकाची रक्कम आधी भरा. प्रत्यक्षात ती थकते, हा भाग वेगळा. पण कागदावर तरी मालकालाही बिल भरायला लावणारी व्यवस्था मला भलतीच आवडली. वीज शुल्काची ओळ मात्र सरकारची, ते थेट राज्याच्या तिजोरीत जातं.

आणि दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोगाला लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्याच लागतात. शेतकरी, यंत्रमागवाले, ग्राहक संघटना तिथे हिरिरीनं बोलतात. वकील लागत नाही. मराठीत लिहिलेलं चालतं. महावितरणच्या मागच्या याचिकेची पानं आता माझ्या टेबलावर पडली आहेत, पेन्सिलीच्या खुणांसकट. वितरण हानीच्या तक्त्यात माझ्या परिमंडळाची ओळ शोधतोय.